मदत हवी आहे: पॉवरशेल स्क्रिप्ट विंडोज ११ ला विंडोज १० म्हणते, शिवाय डिस्कचा प्रकारही कळत नाही

नमस्कार मंडळी,

ऑफिसातल्या सगळ्या पीसींची यादी करायचं काम गळ्यात पडलंय. सिरीयल नंबर, प्रोसेसर, रॅम, डिस्क एसएसडी आहे की जुनी फिरणारी, आणि विंडोज कोणतं, एवढंच हवंय. आधीच्या कोणाची तरी डब्ल्यूएमआयसीवर (मशीनची माहिती काढणारी जुनी कमांड) चालणारी बॅच फाइल होती. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर ती कमांडच सापडत नाही, म्हणून पॉवरशेलमधली गेट-सिमइन्स्टन्स ही कमांड वापरून नवी स्क्रिप्ट लिहिली. ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या पीसींना एकाच जागेवरून सेटिंग देण्याची सोय) मशीन सुरू होताना ती चालते आणि शेअर्ड फोल्डरमधल्या एकाच सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) आपली ओळ जोडते.

आता गंमत बघा. रजिस्ट्रीतलं (विंडोज आपली सेटिंगं ठेवतं ती जागा) प्रॉडक्टनेम वाचतोय, तर नवेकोरे विंडोज ११ चे लॅपटॉपसुद्धा ‘विंडोज १० प्रो’ म्हणून येतात. विन३२_डिस्कड्राइव्ह या माहितीच्या वर्गातलं मीडियाटाइप एसएसडी असो वा नसो, सगळीकडे ‘फिक्स्ड हार्ड डिस्क मीडिया’ एवढंच सांगतं. १६ जीबीच्या मशीनवर रॅम १५.८ दिसते. आणि सकाळी सगळे एकदम पीसी चालू करतात तेव्हा काहींच्या ओळी येतच नाहीत.

असेंबल्ड पीसींचं तर विचारूच नका. सिरीयल नंबराच्या जागी ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’, म्हणजे उत्पादकाने भरायची जागा तशीच सोडलेली!

कोणी केलंय का हे?

प्रतिसाद

प्रॉडक्टनेमचा नाद सोडा, विंडोज ११ मध्येही ते १०च राहिलंय. रजिस्ट्रीतलाच करंटबिल्ड (बिल्ड नंबर) वाचा: २२००० किंवा पुढचा असेल तर ११. सर्व्हर असतील तर ते आधी वेगळे काढा, त्यांचे बिल्ड नंबर याच रांगेत येतात.

डिस्कसाठी गेट-फिजिकलडिस्क ही कमांड वापरा. रेड कंट्रोलरमागच्या (अनेक डिस्क एकत्र जोडणारं कार्ड) डिस्क तिथेही ‘अनस्पेसिफाइड’ येऊ शकतात, त्या हातानेच भरा. रॅम कमी दिसते कारण हार्डवेअरसाठी राखलेला भाग त्यात धरत नाहीत. विन३२_फिजिकलमेमरीमधल्या प्रत्येक पट्टीच्या कपॅसिटीची बेरीज करा, १६ येईल.

ओळी गळतात त्या फाइल लॉकमुळे. एक मशीन लिहीत असताना दुसऱ्याला फाइल उघडता येत नाही. प्रत्येकाला संगणकाच्या नावाची वेगळी फाइल लिहू द्या, रोज तीच ओव्हरराइट होऊ दे, नंतर तुम्ही एकत्र करा. स्टार्टअप स्क्रिप्ट सिस्टम खात्यातून चालते, म्हणून शेअरवर लिहायची परवानगी युजरला नव्हे, डोमेनमधल्या कॉम्प्युटर खात्यांना लागते.

असेंबल्डवर मदरबोर्डचा सिरीयल मिळतो का बघा (विन३२_बेसबोर्ड). तोही रिकामा असला तर स्टिकर चिकटवा, दुसरा इलाज नाही.

आणि पुढे कोणी सॉफ्टवेअरची यादी मागितली तर विन३२_प्रॉडक्टला हात लावू नका. ते नुसती यादी देत नाही, एमएसआयने (विंडोजच्या इन्स्टॉलरची फाइल) बसवलेलं प्रत्येक पॅकेज तपासत बसतं आणि वाटलं तर दुरुस्तही करतं. रजिस्ट्रीतली अनइन्स्टॉलची की वाचा.

धागाकर्ता

वेगळ्या फाइलींनी काम झालं, बिल्ड नंबरही बरोबर येतोय. धन्यवाद! फक्त संगणकाच्या डिस्क्रिप्शनमध्ये विभागाचं नाव मराठीत आहे, ते सीएसव्हीत नुसती प्रश्नचिन्हं होऊन येतं.

प्रतिसाद

पॉवरशेल ५.१ असणार. तिथे एक्सपोर्ट-सीएसव्ही मुळात आस्कीत लिहितं, ज्यात मराठी अक्षरं बसत नाहीत. एन्कोडिंग यूटीएफ८ द्या, एक्सेलमध्येही नीट उघडेल. फाइली एकत्र करून पुन्हा एक्सपोर्ट कराल तेव्हाही द्यायला विसरू नका.