गिटचं बोलणं लांबतं आणि माझा कोटा संपतो: कात्री नेमकी कुठे लावू?

रात्रपाळी_इंदूर

इथल्या एका मराठी ग्रंथालयाची पुस्तकयादी संगणकावर आणायचं काम अंगावर घेतलंय. पैसे नाहीत, बाबांनी शब्द टाकला म्हणून. दर लेखकामागे एक टेक्स्ट फाइल, आणि फायलींची नावंही मराठीत, कारण तिथल्या काकूंना त्या उघडून दुरुस्त करता आल्या पाहिजेत. दिवसा नोकरी, म्हणून हे सगळं रात्रीचं. बदलांची नोंद गिट या प्रोग्रॅममध्ये ठेवते. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एआय सहायक वापरते, त्याचा रोजचा कोटा ठरलेला; गिटचं जेवढं आउटपुट तो वाचतो, तेवढा कोटा खर्च.

काल त्याला एवढंच सांगितलं, काय बदललंय बघ आणि कमिट कर, म्हणजे बदल नोंदवून टाक. त्याने गिट स्टेटस (बदललेल्या फायलींची यादी) चालवलं, मग गिट डिफ (नेमक्या बदललेल्या ओळी), मग गिट लॉग (जुन्या नोंदी). 312 फायली बदललेल्या! स्टेटसमध्ये नावांच्या जागी तिरप्या रेघा आणि 340, 244 असे आकडे. तो त्याच आकड्यांच्या नावाने फाइल उघडायला गेला, सापडली नाही, म्हणून पुन्हा स्टेटस. घरचे सराफा बाजारातून खाऊन परत यायच्या आत कोटा साफ.

त्याआधी मी एक शहाणपणा केला होता, तोही सांगते. गिटच्या प्रत्येक कमांडपुढे पाइप (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारी उभी रेघ) लावून 'हेड', फक्त पहिल्या 30 ओळी. दोन दिवस मस्त चाललं. मग एक मर्ज (दोन ठिकाणचे बदल एकत्र करणं) झालं. वरच्या ओळी सगळ्या 'ऑटो-मर्जिंग'च्या, आणि 'कॉन्फ्लिक्ट'ची (बदल एकमेकांशी भिडल्याची) ओळ तिसाच्या खाली कापली गेली. सहायकाने सगळं ठीक म्हणत अॅड करून कमिटही ठोकलं. सकाळी काकूंचा फोन, "अगं, पुस्तकाच्या नावाआधी हे सात बाण कसले आलेत?" (भिडलेल्या जागी गिट फाइलमध्ये घालतो त्या खुणा.)

तर कापायचं कसं, की कामाचं कापलं जाणार नाही?

(कमांड देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये आपापल्या परीने टाका.)

तुकोगंजचा_पंत

ताई, आधी ते आकडे घालवा. गिटला मराठी नावं दाखवायची सवय नाही, तो बाइट मोजून लिहितो. 'पाटील' घ्या. काना-वेलांटी सुटी धरली तर पाच चिन्हं. यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) प्रत्येकी 3 बाइट, झाले 15. आणि प्रत्येक बाइट तिरपी रेघ अधिक तीन आकडे असा छापला जातो. म्हणजे एका पाटलाची 60 चिन्हं! डिफच्या मथळ्यात तेच नाव पुन्हा पुन्हा. उपाय एका ओळीचा:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

दुसरं, 'हेड' ही कात्री आहे, तिला मजकूर कळत नाही. कमी बोल म्हणून गिटलाच सांगा, त्याला ते येतं. स्टेटसला --शॉर्ट --ब्रँच लावा, 'गिट अॅड वापरा' वगैरे उपदेश आपोआप जातो. लॉगला --वनलाइन आणि -एन 15. डिफ आधी --नमस्टॅट लावून बघायला सांगा: किती ओळी आल्या, किती गेल्या, कुठली फाइल. मग हवी तेवढीच फाइल उघडू दे. सगळे --स्टॅट सुचवतात, पण ते लांब पाथ तीन टिंबं देऊन तोडतं आणि अधिक-उण्याच्या रांगोळ्या काढतं. माणसाला छान, सहायकाला कचरा.

हे सगळं प्रकल्पातल्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाढे पंचावन्न.

जुनं_टर्मिनल

पंतांशी सहमत, पण मर्जचं प्रकरण वेगळं आहे. पाइप लावला की कमांडचा निकाल म्हणून शेवटच्या प्रोग्रॅमचा निकाल हाती येतो. मर्ज फसलं होतं, 'हेड' मात्र आनंदाने शून्य (म्हणजे यशस्वी) सांगून मोकळा झाला. बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) 'सेट -ओ पाइपफेल' नसेल तर हे होणारच. माझा नियम: नुसतं बघायच्या कमांडी (स्टेटस, लॉग, डिफ) हव्या तेवढ्या आटवा. रेपोला (गिटमधल्या साठ्याला) हात लावणाऱ्या (मर्ज, पुल, रिबेस, पुश) यशस्वी झाल्या तर एक ओळ पुरे, फसल्या तर सगळं आउटपुट जसंच्या तसं. आणि मर्जनंतर गिट डिफ --नेम-ओन्ली --डिफ-फिल्टर=यू, म्हणजे अडलेल्या फायलींचीच नावं.

पण मला खुपतंय ते 312. एका रात्रीत एवढ्या फायली तुम्ही बदलल्या? --इग्नोर-सीआर-अॅट-ईओएल (ओळीच्या शेवटच्या चिन्हाचा फरक सोडून) लावून डिफ बघा. विंडोजवर कुणी सेव्ह केल्यात का?

रात्रपाळी_इंदूर

तुमच्या तोंडात जिलबी पडो. भावाने त्याच्या विंडोज लॅपटॉपवर एक्सेलमधून सगळ्या फायली पुन्हा काढल्या होत्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं एक जादा चिन्ह, त्यामुळे डिफमध्ये अख्खी फाइल वजा, अख्खी फाइल अधिक. गिटअॅट्रिब्यूट्स या सेटिंगच्या फाइलमध्ये 'टेक्स्ट=ऑटो' घातलं, अॅड --रीनॉर्मलाइझ केलं (ओळींचे शेवट एकसारखे करायला), आणि खऱ्या बदललेल्या फायली निघाल्या 9. म्हणजे मी आठवडाभर धूर कमी करत बसले होते, चुलीकडे बघितलंच नाही. भावाला बोलले, तो म्हणे, "मी तर मदत केली."

'हेड' काढून टाकला. कोटपाथ बदलल्यावर आज स्टेटसच्या नऊ ओळी सरळ मराठीत आल्या, आणि सहायकाने स्वतःहून विचारलं, 'पाटील' आणि 'पाटिल' अशा दोन फायली आहेत, लेखक एकच का? आकड्यांच्या रांगेत हे त्याला दिसलं नव्हतं, मलाही नाही. दुसरी फाइल हिंदी वळणाची, बहुतेक काकूंच्या मदतनिसाने केलेली. एकत्र करू का म्हणतोय. थांब म्हटलंय, उद्या काकूंना विचारते.