मेंदूच्या व्यायामाचे हातातले यंत्र : वडिलांना कसे शिकवावे?

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे वडील ७४ वर्षांचे आहेत. एसटीत वाहक म्हणून ३५ वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले. गेल्या वर्षभरात त्यांचे विसरणे वाढले आहे. सकाळी सांगितलेली गोष्ट ते संध्याकाळी पुन्हा विचारतात, आणि मागच्या महिन्यात दोनदा गॅसवर दूध ठेवून ते अंगणात जाऊन बसले. न्यू जर्सीला असलेली माझी बहीण दिवाळीत आली, तेव्हा तिच्या मुलांनी वापरून बाजूला टाकलेले निन्टेन्डो डीएस लाइट हे हातात धरून खेळायचे दोन पडद्यांचे यंत्र आणि त्यात घालायची ‘ब्रेन एज’ या खेळाची कार्ट्रिज बाबांसाठी घेऊन आली. रोज थोडा वेळ हा खेळ खेळल्यास मेंदू तल्लख राहतो, असे तिने कुठेतरी वाचले होते.

पहिल्याच दिवशी यंत्राने बाबांच्या ‘मेंदूचे वय’ ८० असे दाखवले. बाबांनी शांतपणे झाकण मिटले, “मला सहा वर्षे उगीच वाढवून दिली,” असे म्हणाले आणि यंत्र कपाटात ठेवून दिले. मी समजूत घालून ते पुन्हा काढायला लावले, पण अडचणी संपत नाहीत. तोंडी हिशेबात बाबा आजही माझ्यापेक्षा चलाख आहेत, तरीही पडद्यावर लिहिलेली त्यांची बरोबर उत्तरे यंत्र चूक ठरवते. रंग ओळखण्याच्या खेळात तर ते ‘ब्लू’ म्हणून ओरडून थकले, पण यंत्राला ऐकूच येत नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. हे यंत्र त्यांना सोसेल अशा रीतीने कसे वापरावे? ८० हा आकडा कितपत मनावर घ्यावा? आणि मुळात या खेळाने विसरणे कमी होते का?

जुना_खेळगडी यांचा प्रतिसाद

हीच कार्ट्रिज मी काही वर्षे वापरली आहे आणि नंतर माझ्या आईलाही शिकवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी चार्जर तपासा. अमेरिकेतून आणलेल्या चार्जरवर ‘१२० व्होल्ट’ एवढेच छापलेले असेल, तर तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये थेट लावू नका. व्होल्टेज उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर मध्ये घाला किंवा डीएस लाइटसाठी मिळणारी यूएसबी केबल घेऊन मोबाइलच्या चार्जरवर यंत्र चार्ज करा.

आता लिहिण्याविषयी. तुमच्या वडिलांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले असणार, आणि एक ते नऊ हे आकडे त्यांचा हात देवनागरीतच काढत असणार. यंत्राला फक्त इंग्रजी आकडे कळतात. आपला देवनागरी एक त्याला इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला चार इंग्रजी आठसारखा, त्यामुळे उत्तर बरोबर असूनही फुली पडते. दोन, तीन आणि शून्य दोन्हींकडे जवळजवळ सारखेच असल्याने तेवढे मात्र बिनबोभाट पार पडतात, आणि म्हणूनच यंत्र कधी ऐकते कधी नाही, असा भास होतो. माझ्या आईच्या बाबतीत हे लक्षात यायला मला आठवडा लागला. मग एका पुठ्ठ्यावर एक ते नऊ हे इंग्रजी आकडे मोठे लिहून मी तो तिच्यासमोर उभा करून ठेवला आणि तीन-चार दिवसांत तिचा हात वळला. वडील डावखुरे असतील, तर खेळाच्या सुरुवातीला तसे सांगण्याची सोय आहे. यंत्र पुस्तकासारखे उभे धरायचे असते, आणि लिहिण्याचा पडदा कोणत्या बाजूला येणार, हे त्यावरून ठरते.

‘ब्लू’चे दुखणे जगभरच्या खेळाडूंना माहीत आहे. त्या खेळात लाल, निळा, पिवळा आणि काळा या रंगांची इंग्रजी नावे वेगळ्याच रंगात लिहिलेली दिसतात, आणि शब्द न वाचता अक्षरांचा रंग सांगायचा असतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगावर तो बेतलेला आहे. पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि ओरडण्याऐवजी नेहमीच्या आवाजात, दोन शब्दांमध्ये क्षणभर थांबून बोलायला सांगा. तरीही जमले नाही, तर चाचणीच्या आधी ‘आता बोलणे शक्य आहे का?’ असे यंत्र विचारते, तेव्हा खुशाल नाही म्हणा. मग ते बोलण्याची चाचणी देत नाही.

या सगळ्याचा ८० या आकड्याशी थेट संबंध आहे. ‘मेंदूचे वय’ काढणाऱ्या चाचण्यांपैकी एकीत ३० इंग्रजी शब्द दोन मिनिटे पाहून नंतर तीन मिनिटांत आठवतील तेवढे लिहायचे असतात, दुसरीत आकडे व इंग्रजी अक्षरे आळीपाळीने क्रमाने जोडायची असतात, आणि तिसरी वर सांगितलेली रंगांची. ज्या माणसाने आयुष्यभर मराठीत विचार केला, त्याची स्मरणशक्ती मोजण्याआधी हे यंत्र त्याचे इंग्रजी आणि त्याच्या हाताचा वेग मोजते. शिवाय या मापाची पट्टी २० पासून ८० पर्यंतच आहे. ८० च्या पुढे यंत्राला जाताच येत नाही. एकपासून १२० पर्यंत मोठ्याने मोजण्याची एक चाचणीही त्यात आहे. तिथे यंत्र शब्द तपासत नाही, फक्त वेळ धरते, म्हणून ती मराठीत मोजली तरी चालते. “एकशे अठरा, एकशे एकोणीस” असा वाहकी सुरात लागलेला वडिलांचा वेग पाहा.

माझा सल्ला असा, की निदान महिनाभर ‘मेंदूचे वय’ या भागाकडे फिरकूच नये. रोजच्या सरावात फक्त २० गणितांचा खेळ आणि माणसे मोजण्याचा खेळ घ्यावा. माणसे मोजण्यात घरात शिरणारी आणि बाहेर पडणारी माणसे पाहून शेवटी आत किती उरली, हे सांगायचे असते. ज्याने गर्दीच्या गाडीत प्रत्येक थांब्यावर हेच केले आहे, त्याला तो शिकवावा लागणार नाही. सराव केला की यंत्र त्या दिवसावर शिक्का मारते, आणि तीन खेळ केले तर शिक्का मोठा होतो. माझ्या आईला त्या शिक्क्याचे अप्रूप आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होते.

पडताळा यांचा प्रतिसाद

वापराविषयी वर सर्व काही आले आहे, म्हणून मी तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो. मी मानसशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे.

हा खेळ ज्यांच्या कामावर आधारलेला आहे, ते र्‍यूता कावाशिमा जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठातले मेंदूचे संशोधक. सोपी गणिते भराभर सोडवताना आणि मोठ्याने वाचताना मेंदूच्या पुढच्या भागात हालचाल वाढते, असे त्यांना मेंदूच्या चित्रणातून दिसले. त्यावर त्यांनी २००३ साली पुस्तक लिहिले, आणि २००५ च्या मे महिन्यात निन्टेन्डोने जपानमध्ये त्याचा खेळ केला. परंतु एखादे काम करताना मेंदूचा भाग जागा होणे वेगळे, आणि त्या कामामुळे दुधाचे पातेले लक्षात राहणे वेगळे. जिना चढताना छाती धडधडते, म्हणून जिना चढणारा प्रत्येक जण पैलवान होत नाही.

या खेळाचीच एक नीट आखलेली परीक्षा २०१२ साली प्रसिद्ध झाली. तीत ज्येष्ठांच्या एका गटाला चार आठवडे हा खेळ दिला आणि दुसऱ्या गटाला टेट्रिस हा पडणारे ठोकळे रचण्याचा खेळ. पहिल्या गटाचा विचार करण्याचा वेग आणि कामाची आखणी करण्याची क्षमता सुधारली, पण एकंदर बौद्धिक स्थिती आणि अवधान यांत फरक पडला नाही. सहभागी झालेले लोक सुरुवातीला ३२ च होते, ते सगळे निरोगी होते, आणि संशोधकांत स्वतः कावाशिमाही होते, हे ध्यानात ठेवावे. त्याआधी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ब्रिटनमध्ये एड्रियन ओवेन हे मेंदूचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११,४३० जणांकडून सहा आठवडे संगणकावर असेच व्यायाम करवून घेतले होते. लोक त्या त्या खेळात पटाईत झाले, परंतु त्याचा लाभ इतर बौद्धिक कामांना झाल्याचे आढळले नाही. ते लोक ६० वर्षांच्या आतले होते आणि खेळही हा नव्हता, म्हणून तो निष्कर्ष तुमच्या वडिलांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी दिशा कळते. अमेरिकेत तर ‘लुमॉसिटी’ नावाचे असेच खेळ विकणाऱ्या कंपनीला वाढीव दाव्यांच्या प्रकरणात २०१६ साली २० लाख डॉलर भरावे लागले.

तेव्हा गणिताचा खेळ रोज खेळल्यास तुमचे वडील गणिताच्या खेळात तरबेज होतील, एवढे खात्रीने सांगता येते.

मात्र तुमच्या प्रश्नात मला यंत्रापेक्षा दूध जास्त खटकले. वर्षभरात वाढत गेलेले विसरणे आणि गॅसवर दोनदा राहिलेले दूध, एवढ्यावर डॉक्टरांकडे जाणे आवश्यक आहे, आणि ‘आधी महिनाभर खेळून पाहू’ असे करू नये. साधे रक्त तपासले, तरी ब जीवनसत्त्वातील बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडचा दोष सापडू शकतो, आणि दोन्हींवर उपचार आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे मुळीच दुर्मीळ नाही. कानही तपासा. ज्याला नीट ऐकूच येत नाही, तो सांगितलेली गोष्ट पुन्हा विचारणारच, आणि घरचे त्याला विसरभोळा ठरवून मोकळे होतात. डॉक्टर ३० गुणांची जी स्मृतिचाचणी घेतील, ती मराठीत घ्यावी असा आग्रह धरा.

चावडीवरचा यांचा प्रतिसाद

एवढा खटाटोप कशासाठी करायचा, हे मला समजत नाही. बाबांना रोज बाजारात पाठवा, भाजीचा हिशेब तोंडी मागा आणि आल्यावर हरिपाठ मोठ्याने म्हणायला सांगा. गणितही झाले, मोठ्याने वाचणेही झाले, आणि चार माणसे भेटली ती वेगळीच. परदेशातले जुने यंत्र बहिणीने प्रेमाने दिले म्हणून ते म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर लादू नये.

जुना_खेळगडी यांचा प्रतिसाद

बाजाराला माझा विरोध नाही. परंतु माझ्या आईचे गुडघे तिला जिन्याखाली जाऊ देत नव्हते, आणि दुपारी दोन ते चार हा वेळ तिला खायला उठत असे. ‘लादणे’ हा शब्द मात्र मान्य आहे. ज्या दिवशी ती कंटाळली, त्या दिवशी मी यंत्र काढले नाही.

कृष्णाकाठ यांचा प्रतिसाद (पाच आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार. झालेला प्रकार सांगणे माझे कर्तव्य आहे.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. बी-१२ बरेच कमी निघाले असून इंजेक्शने सुरू आहेत. उजव्या कानाने बाबांना खूपच कमी ऐकू येते, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. आई मात्र म्हणाली, की ती कित्येक दिवस त्यांच्या डाव्या बाजूलाच बसते. स्मृतिचाचणी मराठीत झाली, आणि ती सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. त्यामुळे विसरण्याविषयी आज काही ठरवून सांगता येत नाही.

यंत्राच्या बाबतीत पुठ्ठ्याची युक्ती लागू पडली, पण आणखी एक गंमत सापडली. ‘सात सक्कं बेचाळीस’ असे पुटपुटत बाबा आधी दोन लिहीत आणि मग त्याच्या डावीकडे चार काढू लागत, कारण आपल्या उच्चारात ‘बे’ आधी येतो आणि ‘चाळीस’ नंतर. तोवर यंत्राने नुसता दोन वाचून फुली मारलेली असे. कागदावर एका हाताने असे लिहिले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. आता माझी दहा वर्षांची मुलगी शेजारी बसते. बाबा उत्तर बोलतात आणि ती लिहिते. यंत्राच्या दृष्टीने ही लबाडी असेल, परंतु २० गणितांत चालण्याच्या वेगापासून सुरू झालेली ही जोडी परवा आगगाडीच्या वेगाला पोहोचली (यंत्र वेग असा चालणे, आगगाडी अशा नावांनी सांगते), आणि मुलीला पंधराचा पाढा येऊ लागला. ‘मेंदूचे वय’ आम्ही अजून काढलेले नाही. बाबांनी परवा स्वतःहून विचारले, तेव्हा तिने “ते बटण बिघडलंय, आजोबा,” असे सांगून टाकले.

एक शेवटची शंका आहे. याच खेळाचा दुसरा भाग बहीण पाठवू म्हणते. तो घ्यावा का?

जुना_खेळगडी यांचा प्रतिसाद

अवश्य घ्या. अमेरिकेत घेतलेली कार्ट्रिजही तुमच्या डीएस लाइटवर चालते. त्यात गिऱ्हाइकाला मोड परत करण्याचा खेळ आहे. नाणी परदेशी असली, तरी ३५ वर्षे सुट्या पैशांवरून प्रवाशांशी वाद घातलेल्या माणसाला तो आवडेल असे वाटते. यंत्राकडे सुटे कधीच संपत नाहीत, एवढे मात्र त्यांना आधी सांगून ठेवा.