पहाडातला मार्च आणि गोधडी

थंडी संपली की गोधडी शिवायचं काम गुंडाळून ठेवायचं असं म्हणतात, ते आमच्या इंदूरला ठीक आहे, रंगपंचमीनंतर मांडीवर गोधडी घेऊन बसवतच नाही, पण पहाडात उलट असतं. मार्चमध्ये उत्तराखंडात मुक्तेश्वरला नणंदेकडे होते, २००० मीटरच्या वर आहे ते, बुरांश (लाल फुलांचं पहाडी झाड) लालभडक फुललेला आणि अंगणात उन्हात बसून धावदोरा घालायला इतकं छान वाटतं ना! उजेड भरपूर, हाताला घाम नाही, त्यामुळे सुई सरसर चालते.

आणि हो, जुन्या साड्यांना नवीन सुती कापडाचं अस्तर लावणार असाल तर ते आधी धुऊन वाळवून घ्याच, साड्या आटून झालेल्या असतात, नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि सगळ्या गोधडीला चुण्या पडतात.