शिसं नसलेली गळाची वजनं ओतकामाला चालतील का?

वर विचारलंय की मासेमारीच्या गळाला लावायची शिसेविरहित वजनं वितळवून छोट्या मूर्ती ओतता येतील का. येतील, पण पाकिटावर नुसतं 'शिसं नाही' लिहिलंय म्हणून आत ओतकामाला हवं असलेलं कथीलच असेल असं नाही. बिस्मथ, जस्त, पितळ, पोलाद, टंगस्टन, काहीही निघू शकतं. टंगस्टनचा वितळबिंदू ३४२२ अंश सेल्सिअस, म्हणजे शेगडीवर त्याचं काहीही होणार नाही.

दाताने किंवा पकडीने चिमटून दोऱ्यावर बसवायचे चिरलेले मणी बहुतेक कथलाचे असतात, कारण ते मऊ असावेच लागतात. (दाताने चिमटायची सवय शिशाच्या जमान्यातली, ती सोडलेलीच बरी.) कथील २३२ अंशांना वितळतं. जाडसर तुकडा कानाजवळ धरून वाकवा, बारीक करकर ऐकू येते. बिस्मथ वाकत नाही, हातोडीखाली तुटतं आणि आत चकचकीत पापुद्रे दिसतात.

बिस्मथ मात्र टाकू नका. ते गोठताना फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीक नक्षी छान उठते. ५८ भाग बिस्मथ आणि ४२ भाग कथील वजनाने घेतलं तर मिश्रण १३८ अंशांच्या आसपासच वितळतं, सिलिकॉनच्या साच्याला अगदी सोयीचं. ठिसूळपणा तेवढा येतो, तलवारी-भाले पटकन मोडतात.

रंगवलेली वजनं आधी खरवडून घ्या, तो धूर वाईट असतो. आणि पूर्ण कोरडी करूनच भांड्यात टाका, पाण्याचा थेंब गेला तर तापलेला धातू अंगावर उडतो.