पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात पाणी आणि संडास: ६०० माणसांसाठी नेमकं काय जमवून ठेवावं?

वैनगंगाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगा नदीपासून जरा उंचावर. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवर धरणाचं पाणी आलं, गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठची गावं बुडाली. तसं पुन्हा झालं तर खालच्या टोल्यांवरची (वस्त्यांवरची) साधारण ६०० माणसं आमच्या जिल्हा परिषद शाळेत येतील. शाळेत ४ संडास, १ हातपंप आणि १००० लिटरची १ टाकी आहे. तहसीलचा टँकर मिळेल असं धरून चालतो. पाऊस लागायच्या आधी ग्रामपंचायतीनं काय घेऊन ठेवावं? जेवणाचं गाव पाहून घेईल.

टाकी_ते_तोटी:
भाऊ, माणशी रोज १५ लिटर धरा. पिणं, स्वयंपाक, आंघोळ सगळं त्यात आलं. अगदी सुरुवातीला साडेसात लिटरवर भागवता येतं, पण ते दोन-तीन दिवसच. ६०० माणसांना ९००० लिटर, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरची रोज एक खेप. अडतं ते पाणी ठेवायच्या जागेपाशी. १००० लिटरची टाकी भरली की टँकर तसाच उभा राहतो, ड्रायव्हरला पुढच्या गावाची घाई असते, लोक गुंड-बादल्या घेऊन थेट पाइपाखाली येतात आणि बरंच पाणी चिखलात जातं. म्हणून पहिला खर्च ५००० लिटरच्या २ टाक्यांचा.

भरलेली टाकी ५ टनांची होते. ओल्या मातीवर विटा रचून ठेवली तर एका बाजूला कलते आणि तळाला चीर जाते. शाळेचा सिमेंटचा ओटा असेल तर उत्तम, नाहीतर मुरूम चोपून वर वाळू पसरा. तळ पूर्ण टेकलाच पाहिजे. दुसरं म्हणजे टँकरचा व्हॉल्व्ह खाली असतो आणि टाकीचं तोंड माणसाच्या डोक्याच्या आसपास. पाणी आपोआप चढणार नाही, आणि पुरात लाइट नसते. गावातलं एक डिझेल इंजिन, त्याचा पाइप आणि क्लॅम्प टँकरच्या व्हॉल्व्हला बसतात का हे आताच पाहून ठेवा. फवारणीचा पाइप चुकूनही वापरू नका.

तोट्यांचा नियम २५० माणसांमागे एक असा आहे, पण तो मिनिटाला साडेसात लिटर आणि दिवसाचे ८ तास पाणी चालेल असं धरून. निवाऱ्यात सगळे सकाळच्या दोन तासांतच येतात. त्यामुळे ३ च्या जागी ६ लावा आणि २ जास्तीच्या ठेवा. खाली गिट्टी टाका आणि सांडपाण्याला नाली काढा. घरटी १० ते २० लिटरची दोन भांडी लागतात, त्यातलं पिण्याचं झाकणाचं. पूरग्रस्ताकडे भांडंच नसेल तर तुमच्या टाकीतलं पाणी त्याच्या कामाचं नाही.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर: १ लिटर पाण्यात ४० ग्रॅम पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, निवळू द्या, वरचं पाणी घ्या. खालचा चुना टाकीत गेला की तोट्या बुजतात. हे १ लिटर निवळ ५००० लिटरच्या टाकीला. पावडरमध्ये २५ टक्के क्लोरीन आहे असं धरून हा हिशोब आहे. दमट खोलीत वर्षभर पडलेल्या पोत्यात तेवढं उरत नाही. म्हणून अर्ध्या तासानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला हे रंगावरून पाहायची चाचणी, कराच. तोटीवर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आलं तर बरोबर, ०.२ च्या खाली आलं तर पुन्हा डोस द्या. रंग लगेच वाचा, ट्यूब ठेवून दिली तर तो गडद होत जातो आणि आकडा खोटा येतो. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी, गाळ बसल्यावर टीसीएल. दोन्ही एकदम टाकलं तर क्लोरीन गाळातच संपतो. तुरटी किती हे बादलीत पाहा: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवा आणि १० लिटरच्या तीन बादल्यांत ३०, ५० आणि ७० मिली घाला. जी सर्वांत कमी मात्रेत निवळते, तोच डोस.

शोषखड्डा:
संडासाचं सांगतो. सुरुवातीला ५० माणसांमागे १, म्हणजे तुम्हाला १२ हवेत, आणि मुक्काम लांबला तर २० मागे १, म्हणजे ३०. तुमच्याकडे ४ आहेत. ऑगस्टमध्ये धानपट्ट्यात दोन फूट खणलं तरी पाणी लागतं, तिथे खड्ड्याचा संडास करू नका. खड्ड्याचा तळ भूजलापासून किमान दीड मीटर वर आणि हातपंपापासून ३० मीटर दूर हवा. पावसाळ्यात तुमच्याकडे ते जमणार नाही.

सोपा मार्ग म्हणजे गावातले घरोघरचे संडास. वरच्या आळीतल्या ज्या घरांची तयारी असेल त्यांची यादी आत्ताच करा आणि प्रत्येक घराला दोन-तीन कुटुंबं नेमून द्या. त्या घराला रोज २ बादल्या जादा पाणी, साबण आणि फिनाईल ग्रामपंचायतीनं पुरवायचं. नाहीतर घरवाला चौथ्या दिवशी कुलूप लावतो, आणि त्याचं चूक नाही. उरलेल्या लोकांसाठी सिमेंटच्या रिंगा जमिनीच्या वर रचून, तळ आणि सांधे बंद करून, वर बसायचा ओटा करा. शाळेची सेप्टिक टाकी मे महिन्यातच उपसून घ्या. भरलेल्या टाकीवर ६०० माणसं आली तर मैला उलटा वर येतो. उपसणारी गाडी मैला कुठे रिकामा करणार हे लिहून घ्या, नाल्यात नको.

वैनगंगाकाठ:
खूप उपयोगी. एक अडचण: टीसीएलचा वास आला की म्हातारी माणसं ते पाणी पीत नाहीत, सरळ बोडीचं (लहान तळ्याचं) आणतात.

आरोग्यसेविका_ताई:
वास सहसा जास्त डोसचा असतो, कुणीतरी अंदाजानं मूठभर टाकलेलं असतं. तोटीवर ०.५ ठेवा आणि पाणी झाकणाच्या भांड्यात तासभर राहू द्या, वास बराच कमी होतो. समजवायला आशाताई आणि टोलीवरचीच एखादी मोठी बाई पाठवा, बाहेरच्या माणसाचं ऐकत नाहीत.

संडासांपैकी बायकांना तीन आणि पुरुषांना एक असं प्रमाण ठेवा. आतून कडी आणि रात्री उजेड हवाच. नसेल तर बाया संध्याकाळपासून पाणी पिणं सोडतात, गरोदर असल्या तरी. आंघोळीला ताडपत्रीचा वेगळा आडोसा करा. पॅडसाठी झाकणाची बकेट द्या. कापड वापरणाऱ्या बायांना ते धुवायला आणि उन्हात वाळवायला आडोशाची जागा द्या, नाहीतर ओलंच वापरलं जातं.

साबण माणशी महिन्याला २५० ग्रॅम अंगाला आणि २०० ग्रॅम कपड्यांना. ६०० माणसांना पंधरा दिवसांसाठी १०० ग्रॅमच्या अंगाच्या ७५० वड्या होतात. संडासाजवळची वडी जाळीत घालून टांगा. २४ तासांत तीन किंवा जास्त पातळ जुलाब झाले की नोंद आणि ओआरएस. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब मोठ्या माणसाला झाले तर दुसऱ्या रुग्णाची वाट न पाहता प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा.

पूर्णाकाठ_अकोला:
आमच्या खारपाणपट्ट्यातल्यांसाठी जोडतो. बोअरचं खारं पाणी पिण्यात येत नाही, पण संडासाला आणि फरशीला चालतं. दोन टाक्या वेगळ्या ठेवून मोठ्या अक्षरांत ‘गोडं’ आणि ‘खारं’ लिहा, टँकरचं बरंच पाणी वाचतं. खाऱ्या, जड पाण्यात साबणाला फेस येत नाही म्हणून लोक हात धुणं सोडतात; हात धुवायला गोडंच द्या. फ्लोराईडच्या हातपंपाबद्दल कुणी विचारलं तर: त्याचा त्रास वर्षानुवर्षं पिऊन होतो, पुरातल्या दूषित पाण्याचा दोन दिवसांत. दुसरं काहीच नसेल तर थोडे दिवस ते क्लोरीन टाकून द्या.

आपत्ती_नोंदवही:
टँकरचं वेळापत्रक एकाच माणसाच्या हातात द्या. सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी तिघंही फोन करतात तेव्हा एका दिवशी तीन खेपा येतात आणि दुसऱ्या दिवशी एकही नाही. शाळेच्या फळ्यावर रोज संध्याकाळी पाच आकडे लिहा: माणसं, आलेले लिटर, तोटीवरचा क्लोरीन, चालू संडास, जुलाबाचे रुग्ण. तेच आकडे तहसीलला आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, १०७७ वर. मदत घेऊन येणाऱ्या मंडळांनाही तोच फळा दाखवा, नाहीतर सगळे पाण्याच्या बाटल्याच आणतात. त्यांना बादल्या, मग, साबण, पॅड आणि टॉर्च सांगा.

लोक परतायच्या आधी बुडालेल्या विहिरी साफ करायला घ्या. विहिरीत पाणी किती हे असं काढा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये. आलेल्या आकड्याला १००० नं गुणलं की लिटर. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे साधारण ३७,७०० लिटर. बुडालेल्या विहिरीला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो, म्हणजे साडेसात किलो टीसीएल. आधी गाळ-कचरा काढा, पावडर बादल्यांत कालवून चारही बाजूंनी सोडा, १२ तास कुणाला भरू देऊ नका, मग ओटी टेस्ट ०.५ वर येईपर्यंत उपसा. उपसा हळूहळू करा. भोवतीची माती पाण्यानं फुगलेली असते, एकदम विहीर रिकामी केली तर बांधकाम आत ढासळतं.