मदत हवी आहे: बॉर्डरलाइनच्या प्रश्नावलीची वैधता तपासताना कुणाकुणाची मुलाखत घ्यावी?

नमस्कार मंडळी. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.चा प्रबंध सुरू आहे. विषय एमएसआय-बीपीडी, म्हणजे बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराची (भावना, नाती, स्वतःची ओळख सतत डळमळीत असण्याचा विकार) चाळणी प्रश्नावली. झनारिनी आणि सहकाऱ्यांनी 2003 साली मांडलेली. फक्त 10 हो-नाही प्रश्न. 7 किंवा जास्त 'हो' आले की पुढे नीट तपासायचं. मराठी रूप तयार आहे, घोडं अडलंय ते वैधतेपाशी, म्हणजे ती खरंच हा विकार ओळखते का, इथे.

पडताळणीसाठी एससीआयडी-5-पीडी, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकारांचं निदान करणारी ठरावीक साच्याची मुलाखत ठरली आहे. ती वेळखाऊ, म्हणून गाइड म्हणतात, 7 आणि त्यावरच्यांचीच घे. मला हे पटत नाही. खालच्यांत सुटलेले रुग्ण मग कळणारच नाहीत आणि सेन्सिटिव्हिटी (खऱ्या रुग्णांपैकी किती जण प्रश्नावलीत सापडतात ते प्रमाण) उगाच फुगलेली दिसेल. खालच्यांपैकी काही जण चिठ्ठ्या टाकून निवडले आणि आकडेमोडीत त्यांना सगळ्या खालच्यांच्या संख्येच्या प्रमाणात वजन दिलं, तर परीक्षक मान्य करतील का? कुणी केलंय असं? मुलाखत घेणाऱ्याला गुण कळणार नाहीत, एवढी सोय मात्र झाली आहे.

दुसरी पंचाईत ओपीडीतली. "आतून रिकामं वाटतं का?" विचारलं की शेजारी बसलेली आईच सांगते, "छे हो, घरात सगळं आहे तिला." मुलगी नुसती मान हलवते. नातेवाइकांना बाहेर बसा म्हटलं तर चिडतात. तुम्ही कसं जमवता?

आणि तुलनेसाठी बायपोलरचे रुग्ण घ्यावेत ना? लहरी मूड, उतावळेपणा तिथेही सापडतो. नुसते धडधाकट कॉलेजकुमार घेतले तर कुठलीही प्रश्नावली हुशारच ठरेल!