बोरारास : ही पिल्ले आहेत की पूर्ण वाढलेले मासे?

गंगापूररोडकर (प्रश्न) :
गेल्या महिन्यात नाशिकमधल्याच एका दुकानातून ‘चिली रासबोरा’ या नावाने आठ मासे आणले. ही पिल्ले असून तीन-चार महिन्यांत बोटभर होतील, असे दुकानदाराने सांगितले होते. परंतु ते अजून जेमतेम दीड सेंटीमीटरचेच आहेत आणि त्यांचा लाल रंगही फिका पडला आहे. टाकी ४० लिटरची असून पाणी बोअरचे आहे. मासे खुरटले असतील का?

पंचवटीकर :
खुरटलेले नाहीत. वर्णनावरून हा बोरारास ब्रिगिटे दिसतो आणि त्याची पूर्ण वाढच दोन सेंटीमीटरच्या आसपास थांबते. हे मासे पूर्वी रासबोरा प्रजातीत (genus) गणले जात. १९९३ मध्ये कोटेलाट आणि विद्यायानोन या मत्स्यशास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली. धडातील आणि शेपटीतील मणक्यांचे प्रमाण रासबोराच्या उलट असल्यामुळे त्यांनी नावही उलटवले. (देवनागरीत तर ‘रास’ आणि ‘बोरा’ यांची नुसती अदलाबदल होते!)

खरी अडचण पाण्याची असावी. हा मासा दक्षिण बोर्निओतील दलदलीच्या जंगलांतला. कुजलेल्या पानांमुळे तिथले पाणी चहासारखे तपकिरी, आम्लधर्मी आणि अत्यंत मृदू असते. आपल्याकडे काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते. त्यात आरओचे पाणी मिसळावे, मात्र हा बदल दोन-तीन आठवड्यांत, थोडाथोडा करावा.

सिडकोवासी :
पाण्याबद्दल सहमत आहे, पण रंग केवळ पाण्याने जात नाही. पांढऱ्या वाळूच्या, लख्ख उजेडाच्या टाकीत हा मासा बुजतो आणि फिकटतो. तळ गडद ठेवा, तरंगत्या वनस्पती सोडा आणि देशी बदामाची झाडावरून गळलेली, वाळलेली पाने धुऊन टाका. तोंड फार लहान असल्याने नेहमीचे दाणे त्यांना गिळता येत नाहीत. ते चुरडून द्यावेत किंवा नुकतीच उबवलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची बारीक पिल्ले) द्यावी. शिवाय नाशिकची थंडी विसरू नका : जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा २५-२६ अंशांवर लावलेला हीटर हवाच.

गंगापूररोडकर :
आभारी आहे. माझ्या टाकीत पांढरी वाळूच आहे आणि दाणेही मी अख्खेच टाकत होतो. सोसायटीच्या आवारात बदामाचे झाड आहे, परंतु त्यावर मध्यंतरी औषध फवारले होते. त्यामुळे पाने दुसरीकडून आणतो.